लाल फिल्टर आणि वाढीव घोडे

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा ती छापून आणत, पलंगाखाली गठ्ठे रचत आणि आठवडी बाजारात वाटत. ताईत बांधून ताप उतरत नाही. अंगात येणाऱ्या बाईला डॉक्टरकडे न्या. मजुरी कापणाऱ्याला भर चौकात जाब विचारा. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली, आणि मोठेपणी पत्रकं मीच काढू लागले. त्यामुळे जगात एक तर पुरावा असतो नाही तर फसवणूक असते, तिसरं काही नसतं, असं मला लहानपणापासून वाटतं. म्हणून मामेभावाने गाडीला लाल फिल्टर लावला तेव्हा मला गप्प बसता आलं नाही.

मामेभाऊ यवतमाळजवळच्या एका अनुदानित शाळेत शिकवतो. विज्ञान शिकवतो, हे मुद्दाम सांगते. त्याने पुण्याहून कोणाची तरी वापरलेली स्पोर्ट्स कार आणली होती. दोन दारं, दोन माणसं, आणि जमिनीपासून उंची एक वीत. गतिरोधक आला की शेजारी बसलेल्याने खाली उतरायचं, असा त्या गाडीचा नियम होता. नेरला पोचायला तिला एसटीइतकाच वेळ लागायचा, कारण सगळा रस्ता तिच्यापुढे एसटीच असायची.

अशा गाडीचा वेग वाढवायचं त्याच्या मनात आलं. इंजिनात जाणारी हवा गाळायला कंपनीने काळ्या डबीत कागदाचा फिल्टर दिलेला असतो. त्याने ती डबी काढून टाकली आणि तिथे चकचकीत नळी व तिच्या टोकाला उघडा लाल शंकू बसवला. शंकू तेल लावलेल्या सुती जाळीचा होता. आमच्या भागातला कापूस कुठे कुठे फिरून तेल पिऊन लाल होऊन परत आला असेल, तर शेतात कधी न मिळालेला मान त्याला बॉनेटखाली मिळत होता. मामेभाऊ शेजाऱ्यापाजाऱ्यांना बॉनेट उघडून त्याचं दर्शन घडवायचा.

"आता गाडी मोकळा श्वास घेऊन राह्यली," तो म्हणायचा. "इंजिनाचे घोडे वाढले."

"कशावरून?"

"खोक्यावर लिवलं हाय ना."

ताईताच्या पुडीवरही लिहिलेलं असतं. मी या विषयावर जमेल तेवढं वाचून काढलं. कंपनीच्या डबीतून इंजिनाला लागते तेवढी हवा मिळते. कागदाचा फिल्टर स्वच्छ असेल तर इंजिन काही गुदमरत नसतं. उलट उघडा शंकू इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो, आणि तापलेली हवा विरळ असते. बदलतो तो आवाज. रेसच्या मैदानावर, इंजिनात इतर बरीच कामं केल्यावर थोडा फायदा होतो, असंही काहींनी लिहिलं होतं, आणि ते लोक मला प्रामाणिक वाटले. पण नेर रोड हे रेसचं मैदान नाही.

एवढ्यावर मी एखादं पत्रक काढून थांबले असते. पण मामीचा फोन आला.

"ऐकलं काय वं? नोकरी सोडतो म्हणते. राजीनामा लिवून ठेवला. दुकान टाकतो म्हणते. कायचं, तं गाड्यायले श्वास द्याचं!"

"मग तुम्ही समजावा ना त्याला."

"म्या समजावलं तं जेवत नाही. तू गावोगाव कागदं वाटत फिरतं, एखांदं घरातबी वाट."

अनुदानित शाळेतली कायम नोकरी आमच्याकडे काय चीज असते, हे सांगायला नको. ती मिळवण्यासाठी काय काय करावं लागतं यावर मी वेगळं पत्रक काढलेलं आहे. मामी रडवेली झाली होती. मी मामाच्या गावी गेले आणि मामेभावाला ओट्यावरच गाठलं.

"एकदा बसून पाह्य गाडीत," तो म्हणाला. "मान कशी मांगं जाते ते पाह्य."

"मागच्या वेळी गेली होती. खड्डा होता."

"आवाज तं ऐकला ना?"

"आवाज ऐकला. वेग दाखव."

अखेर चाचणी ठरली. फरक पडला नाही तर तो राजीनामा फाडणार. फरक पडला तर त्याच्या दुकानाच्या उद्घाटनाचं पत्रक मी लिहिणार. या दुसऱ्या अटीने माझी झोप उडाली. पिढीजात पत्रकवाल्यांच्या घरातून जाहिरात निघणार!

अटी मी घातल्या. रस्ता तोच, पेट्रोल तेच, चालवणारा तोच. एकदा कंपनीचा फिल्टर लावून, एकदा लाल शंकू लावून. दोन्ही वेळा त्याच्या कानांत कापसाचे बोळे आणि वरून घट्ट मफलर, म्हणजे आवाजाच्या नशेत पाय जास्त दाबला जाणार नाही. वेळ मोजायला शंकरपटातला घडीवाला बोलावला. बैलजोड्यांच्या शर्यतीत त्याच्या घड्याळापुढे कोणाचं चालत नाही. तो निःपक्षपाती होता याबद्दल शंकाच नको, कारण आठ पायांपेक्षा कमी असलेल्या कशातही त्याला रस नव्हता.

दिवस पोळ्याचा धरला. त्या दिवशी बैल जुंपत नाहीत, म्हणून रस्त्यावर गाडीबैल येणार नव्हते. गावामागे एक सिमेंटचा सरळ रस्ता आहे. तो कालव्यापर्यंत जातो. कालवा अजून आलेला नाही, रस्ता त्याची वाट पाहत तिथेच थांबला आहे. वेगाच्या चाचणीला विकासाने अशी जागा मोकळी करून दिली होती.

आदल्या दिवशी मामेभावाने लाल शंकू धुऊन ओट्यावर वाळत ठेवला. बाजूला त्याच्या खास तेलाची लहानशी बाटली. त्याच दिवशी बैलांचे खांदे मळायचे असतात. मामाने वर्षभर ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळलं आणि रीतीप्रमाणे बैलांना आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तिथून तो गाडीकडे गेला आणि तिलाही आवतन देऊन आला. आम्ही हसलो.

पोळ्याच्या सकाळी कंपनीचा फिल्टर लावून पहिली फेरी झाली. घडीवाल्याने रुमाल खाली आणला, गाडी गेली, वेळ टिपली. मग मामेभावाने शंकू बसवला.

"पाह्य, कसा चमकून राह्यला!"

खरंच चमकत होता. रुमाल पडला. गाडी सुटली, तिने दोन गचके खाल्ले, ती खोकली आणि अर्ध्या रस्त्यात उभी राहिली.

"बैल बसला!" घडीवाला ओरडला.

मामेभाऊ खाली उतरला. कानात बोळे असल्याने त्याला कोणाचं हसणं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. मामीचा चेहरा असा उजळला होता की लग्नघरातही तसा पाहिला नव्हता. "फाड आता तो कागद," ती म्हणाली. मग तिने तेच खुणेने सांगितलं.

तेवढ्यात मामा काळजीने म्हणाला, "तेल कमी पडलं काय गा?"

सगळे त्याच्याकडे वळले.

"तो लाल फिल्टर कोरडा पडला होता बिचारा," मामा सांगू लागला. "तोबी ओढतेच ना वर्षभर? बाटली अख्खी लावली. मंग वाटलं थोडकी झाली, म्हणून घरचं जवसाचं तेल चोपडलं."

मामेभावाने बोळे काढले, बॉनेट उघडलं. शंकूतून नळीत तेल उतरलं होतं. आत येणारी हवा मोजणारी नाजूक तार त्यात न्हाऊन निघाली होती. गाडीला हवेचा अंदाजच येत नव्हता.

मामीने माझा हात घट्ट धरला. हळूच म्हणाली, "गप राय माय. तुले काई दिसलं नाही."

मला सगळं दिसलं होतं. शंकूने वेग वाढतो की नाही, हे या फेरीने सिद्ध झालं नव्हतं. सिद्ध एवढंच झालं होतं की मामाचं सगळ्यांवर सारखं प्रेम आहे. मी म्हटलं, "ही फेरी धरायची नाही. चाचणी पुन्हा होईल."

मामेभाऊ माझ्याकडे बघतच राहिला. मामीने हात सोडला. त्या दिवशी बैलांना पुरणपोळी मिळाली, घडीवाल्याला मिळाली. माझ्या ताटात भाकर आली, आणि ती वाढतानाही मामीने ताटाकडेच पाहिलं.

दुसऱ्या दिवशीचा पोरांचा तान्हा पोळा होऊन गेल्यावर यवतमाळहून फवारा आणून ती तार साफ केली, शंकू पुन्हा धुतला, त्याला मोजकंच तेल लावलं. या वेळी मामाला शेतात पाठवलं होतं. दोन्ही फेऱ्या झाल्या. घडीवाल्याने घड्याळ डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, आणि निकाल दिला.

"सारखंच हाय. मधात पापणीबी मावत नाही."

मामेभाऊ शब्दाचा पक्का. त्याने खिशातून राजीनामा काढला आणि रस्त्यावरच फाडला. मामीने मला जवळ घेतलं.

गोष्ट इथे थांबायला हवी होती. पण पुरावा हाती आल्यावर तो लोकांपर्यंत न्यायचा नाही, हे आमच्या घरात बसत नाही. मी पत्रक छापलं. चाचणीची हकीकत, अटी, निकाल, आणि खाली ठळक अक्षरांत: 'वेग वाढत नाही. फक्त आवाज वाढतो.' कळंब, नेर, पुसद, सगळ्या बसस्टँडांवर वाटलं. लोकांनी ते घडी घालून खिशात ठेवलं. एवढा मान आमच्या पत्रकांना कधी मिळाला नव्हता. मी हुरळले.

पुढच्या रविवारी मामाच्या अंगणात माणसं जमली. हातात माझं पत्रक. एक मिशीवाला गृहस्थ पुढे आला.

"ताई, हे खरं हाय ना? आवाज वाढतेच?"

"वेग वाढत नाही, ते वाचलं का?"

"वेग घेऊन काय करू? आमच्या रोडनं वेग नेता कुठं? आवाज चौकापर्यंत जाते ना?"

"जातो," मी म्हटलं. खोटं बोलायची सवय नाही.

"मंग लावून द्या म्हणा भाऊले."

मामेभावाने दुसरा राजीनामा लिहिला. "पह्यला भावनेत लिवला होता," तो मला म्हणाला. "हा पुराव्यावर हाय. तुह्याच." शाळेने तो स्वीकारला.

दुकान आर्णी रोडवर आहे. पाटीवर माझं ठळक वाक्य जसंच्या तसं रंगवलं आहे. मी तणतणत गेले, ते पुसून टाक म्हणून.

"काहून? खोटं काय हाय त्यात?" त्याने विचारलं.

मी पाटी पुन्हा वाचली. खोटं काहीच नव्हतं.

दारात मामी उभी होती. "आता याच्या विरोधात काढ ना एखांदा कागद," ती म्हणाली. "निंगते काय?"

"काढते. पण मामी, लिहू काय?"

मामीने बादली उचलली. पायरीवर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तिने त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि दुकानापुढे पाणी शिंपडू लागली.