चढाचं इंजिन

जेवण झाल्यावर जरा आडवी होते. डोळा लागला की नाही, ते धड कळत नाही. पलीकडच्या खोलीत यजमान फोनवर कुणाला तरी सायकल संध्याकाळी घेऊन जा म्हणताहेत. उठून नाही म्हणावं असं मनात येतं, पण अंग हलत नाही. त्यांचा आवाज लांब जातो आणि मी इलाहीभाईंच्या गॅरेजमध्ये उभी असते.

आम्ही कासार. मी आणि माझ्या थोरल्या नणंदबाई, सोनावन्सं, सायकलींना बांगड्यांच्या पेट्या बांधून खिंडीपलीकडच्या वाड्यांना जायचो. गेल्या वर्षी खिंडीच्या चढावर वन्सं सायकल ढकलत चालल्या होत्या. मागून जीप आली, त्या जागीच गेल्या. तेव्हापासून आमच्या घरात सायकलीचं नाव काढायचं नाही. मी मात्र त्यांच्याच सायकलीला इंजिन बसवायचं ठरवलंय. इलाहीभाईंनी दोन दाखवलीत. टू-स्ट्रोक हलकं आणि चटकन उचलणारं, फोर-स्ट्रोक जड, सावकाश ओढणारं. कुठलं घ्यावं, ते ठरत नाही.

वन्सं त्या दोन इंजिनांसमोर उकिडव्या बसल्यात. मला नवल वाटत नाही. मी गाऱ्हाणं सांगते, की लोक म्हणतात, चालणारी गेली, ही तर इंजिन लावून निघालीय. त्या ऐकून घेतात.

"ढकलत होते म्हणून गाठलं त्यानं," त्या म्हणतात. "बसून गेले असते तर कधीच पलीकडे पोचले असते."

गॅरेज आता आमचं स्वयंपाकघर आहे. इंजिनं ओट्यावर चालू आहेत. वन्सं दोन्हींवर हिरव्या बांगड्यांची एकेक चळत ठेवतात आणि कान देतात. टू-स्ट्रोक धूर सोडत तडतडतं, बांगड्या नाचायला लागतात, एक उडून फुटते. तरी मी म्हणून बघते, की हे हलकं आहे, चढाला बरं. त्या नाही म्हणून मान हलवतात. हे पळतानाच ओढतं. ओझं घेऊन हळू चढायचं तर तापेल, आणि दर खेपेला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत बसावं लागेल. दुसऱ्या इंजिनावरच्या बांगड्या नुसत्या थरथरतात.

"माल फुटला तर पलीकडे जाऊन काय भरशील बायकांच्या हातात?"

मग वर्षभर मनात असलेलं मी विचारते. "वन्सं, तेव्हा भीती वाटली का हो?"

"राग आला. पुढच्या वाड्या राहिल्या होत्या."

ओट्याखालची फरशी तिरकी होते, चढ होते. मी सीटवर, त्या मागे कॅरियरवर. इंजिन धिम्या आवाजात ओढतंय. जीप आली होती ते वळण येतं. माझे पाय आपोआप पायडलवर जोर द्यायला लागतात.

"पाय मारू नकोस, वत्सला. ओढू दे त्याला."

वळण मागे पडतं. वर पठारावर बायका हात पुढे करून बसल्यात. वन्सं उतरतात, पदर खोचतात आणि त्यांच्याकडे चालू लागतात. मी इंजिन बंद करत नाही.

यजमान दारात उभे आहेत. गिऱ्हाईक येतंय, सायकल बाहेर काढतो म्हणतात.

"त्याला येऊ नको म्हणून सांगा," मी उठून बसत म्हणते. "फोर-स्ट्रोक बसवायचंय. आणि दोन्ही ब्रेक नवे."

"माझी ताई गेली त्या सायकलीवर."

"सायकलीवर नाही. सायकलीशेजारी. वर बसलेल्या असत्या तर आज घरात असत्या."

ते खाली बघतात. माझ्या लुगड्याच्या काठाला पठारावरच्या गवताची कुसळं चिकटलीत, ओळीनं, घोट्यापासून वरपर्यंत. सकाळपासून मी उंबरा ओलांडलेला नाही. ते वाकून एक कुसळ उपसतात आणि बोटांत धरून बघत राहतात.

बाकीची मी तशीच राहू देते आणि सायकल काढून गॅरेजकडे निघते.