पाचाच्या आकड्यातली माणसं

मनुबाईचं माहेर कंग्राळीचं आणि सासर काकतीपलीकडच्या एका लहानशा गावचं. लग्नाला चार वर्षंही झाली नाहीत, तोच तिचा नवरा ज्योतिबा बेळगावच्या पलटणीत भरती झाला आणि जहाजात बसून बसऱ्याकडे लढाईला गेला. दोन पावसाळ्यांनी सरकारी कागद आला. माणूस तिकडं पुरला की जाळला, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. मनुबाईनं कुंकू पुसलं; पण रडायचं कुठल्या मातीवर, हे तिला कुणी सांगू शकलं नाही.

लढाई संपल्यावर सरकारनं चावडीच्या बाहेरच्या भिंतीत एक दगड बसवला. मनुबाई शाळेच्या मास्तरांना घेऊन तिथं गेली. मास्तरांनी वाचलं, “या गावातून तेवीस जण महायुद्धावर गेले. त्यांपैकी पाच जणांनी प्राण दिले.”

“आन् नावं, मास्तर?”

“नावं नाहीत, बाई. नुसता आकडा आहे.”

तिनं तो आकडा बोटानं चाचपला.

त्या दगडाला पाठ टेकून लोक तंबाखू खात, तिथंच पिंका टाकत. मनुबाई कुणाशी भांडली नाही. दर अमावास्येला ती घागर घेऊन येई, वहाणा लांब काढी, दगड धुऊन पुसून त्यापुढं दोन फुलं ठेवी. हळूहळू पिंका टाकणारे आपणच सरकले. धुतलेल्या दगडावर थुंकायला कुणाचं तोंड वळेना.

पण फूल ठेवलं की तिला वाटे, हाक मारावी. नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यापुरतं घेतलं होतं, तेवढंच. एरवी घ्यायची रीतच नव्हती.

एका अमावास्येला समोरच्या चिंचेखाली राजाबाई उभी दिसली. ती महारवाड्यातली, तिचा नवरा मष्णूही त्या पाचांतला. चावडीजवळ यायची तिला मुभा नव्हती, म्हणून लांबूनच हात जोडून उभी होती. मनुबाई घागर ठेवून तिच्याकडे गेली.

“आक्का, मालकाचं नाव घेतलीस काय गं?”

“मी कसं घिऊ? आन् दुसरं घ्यायला तरी कोण हाय?”

“मग मी घेते. माझ्या मालकाचं तू घे.”

मनुबाईनं दगडाकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, “मष्णू!” राजाबाईनं पदर तोंडाशी धरला. मग ती चाचरत म्हणाली, “ज्योतिबा.” कितीतरी वर्षांनी ते नाव मनुबाईच्या कानांवर पडलं. ती तिथंच चिंचेखाली बसली आणि पोटभर रडली.

पुढच्या अमावास्येला तिनं राजाबाईला हात धरून दगडापाशी आणलं. चावडीतून पाटील गरजले, “मने, काय चालवलंयस हे?”

“आण्णा, सरकारनं पाचांनाबी एकाच आकड्यात बसवलंय. त्यातला एक मी कसा येगळा काढू?”

पाटील आत वळले, पण भावकी गप्प बसली नाही. वर्षभर तिच्या घरचं पाणी कुणी घेतलं नाही. मनुबाईनं ते सोसलं, पण अमावास्या चुकवली नाही. आणखी दोन घरच्या बायका येऊ लागल्या. एकमेकींच्या माणसांची चार नावं घेऊन झाली, की पाचव्याला त्या नुसतंच पाणी सोडत.

पाचवा होता शामू, रुक्माबाईचा एकुलता एक. सरकारी कागद आला तरी पोरगा कुठंतरी अडकलाय, येईल, असं धरून ती म्हातारी रोज त्याचं ताट झाकून ठेवी. त्याचं नाव का घेत नाही, असं राजाबाईनं एकदा विचारलं, तेव्हा मनुबाई म्हणाली, “तिच्या मनात त्यो जित्ता हाय. आपण कसं मारायचं त्येला?”

अशी अकरा-बारा वर्षं गेली. एका सर्वपित्री अमावास्येला रुक्माबाई काठी टेकत, वाकून वाकून चावडीपाशी आली. चार नावं झाली आणि बायका थबकल्या.

“थांबलासा का गं? माझ्या पोराचंबी घ्या की.”

मनुबाईनं बाजूला सरून तिलाच दगडापुढं जागा दिली. तेव्हा म्हातारीनं काठी भिंतीला लावली आणि पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात दगडावरून फिरवला. “शामू,” ती म्हणाली, “माझ्या बाळा, शामू.”

मनुबाईनं तिच्या हातात तांब्या दिला. रुक्माबाईनं सावकाश सगळं पाणी सोडलं, डोळे पुसले आणि म्हणाली, “आता मला घरापातूर सोड गं.”

मनुबाईनं तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला, राजाबाईनं काठी उचलली, आणि तिघी सावकाश गल्लीनं चालू लागल्या.