चाकू उघडण्याआधी

माझ्या मोठ्या जाऊबाईंचा उजवा अंगठा सुजून आखडला आणि त्यांचा चाकू आता कुणाच्या हातात द्यायचा, असा प्रश्न आमच्या टोळीला पडला.

आमची टोळी द्राक्षाची कलमं भरते. पोळ्याच्या आगेमागे सातपूरहून सकाळी पिकअप निघते आणि आम्हाला विंचूरकडच्या बागांत नेऊन सोडते. काम जोडीने असतं. एकजण जंगली खुंट कापून त्याला मधोमध चीर देतो, चांगल्या जातीची काडी पाचरीसारखी तासतो आणि त्या चिरेत बसवतो. दुसरी लगेच त्यावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळते. जाऊबाई कापायच्या, मी बांधायचे. टोळीत कापणारी बाई त्या एकट्याच होत्या.

मुकादम म्हणाले, "दुसऱ्या टोळीतून माणूस आणतो. तुम्ही त्याच्या हाताखाली बांधा."

मला ते ऐकूनच कसंतरी झालं. परक्या माणसासमोर गुडघ्याला गुडघा लावून दिवसभर बसायचं माझ्याने झालं नसतं. शिवाय जाऊबाई घरी बसल्या असत्या. त्यांचा अंगठा दुखायचा, पण उरलेल्या बोटांनी त्या सावकाश पट्टी बांधू शकत होत्या. मात्र त्यासाठी कापणाऱ्याने धीर धरायला हवा, आणि एवढा धीर मी सोडून कुणी धरला असता?

म्हणून मी पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं. "दादा, मी कापू का?"

मुकादम हसले नाहीत. "परवा बघू," म्हणाले.

कलमाचा चाकू घडीचा असतो. एका खुंटावरून दुसऱ्याकडे सरकताना तो मिटलेलाच ठेवायचा. डाव्या हातात काड्यांची जुडी असते, म्हणून उजव्या हाताच्या अंगठ्यानेच पातं फटकन उघडावं लागतं. दिवसातून शेकडो वेळा. बांधणारीचे हात तर तिथंच घोटाळत असतात. त्यामुळे टोळीत एक रीत आहे. उघडणाऱ्याने मोठ्याने "चाकू!" म्हणायचं, बांधणारीने हात मागे घेऊन "हां" म्हणायचं, आणि "हां" कानावर आल्यावरच अंगठा हलवायचा.

दोन दिवस मी घरी जाऊबाईंजवळ शिकले. आधी पात्याला चिकटपट्टीचे चार वेढे दिले. त्या कॉटवर बसून सांगत होत्या. "मनगट झटकू नको. ते टोळीतली पोरं करतात, शायनिंग मारायला. कोपर अंगाला चिकटव. पात्याचं तोंड रिकाम्या जागेकडे. नुसता अंगठा." मग म्हणाल्या, "उघडलं की टक् वाजलं का ऐक. पातं बसलंय का, डुलतंय का, बघ. मिटताना बोटं खाचेच्या बाहेर. बोटं गेली तर पट्टी काय माझा दीर बांधंल?"

दीर म्हणजे माझे मालक. ते कंपनीतून आले होते, चहा पीत हसत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा हात बसला. चिकटपट्टी काढूनही पातं सुरेख उघडत होतं. एकच गोष्ट मी केली नव्हती. "चाकू" म्हणाले नव्हते. खोलीत दोघीच तर होतो, म्हणायचं कशाला, असं वाटलं.

बागेत परीक्षा झाली तेव्हा ओळीतली सगळी माणसं मान वळवून बघत होती. जाऊबाई बांधायला बसल्या. मी काडी धरली, कोपर अंगाला लावलं आणि "चाकू" म्हणाले. म्हणाले असं मला वाटलं. आवाज गळ्यातच राहिला होता. जाऊबाईंनी मान हलवली, ते मला "हां" वाटलं. खरं तर त्या पट्टीचं रीळ शोधत होत्या. मी पातं उघडलं आणि त्यांचा हात पुढे आला.

आम्ही साडीवर मालकांचे जुने शर्ट घालतो, पूर्ण बाह्यांचे. पातं त्यांच्या बाहीच्या कफमधून आरपार गेलं. कातडीला लागलं नाही. कफ मात्र लोंबत राहिला.

मुकादमांनी हात पुढे केला. मी चाकू मिटून त्यांना दिला.

"हात चांगला हाय तुमचा," ते म्हणाले. "पण आवाज नाय तर चाकू नाय. उद्या एकदा बघतो. नाय जमलं तर माणूस आणतो."

पिकअपमध्ये मी कुणाकडे बघितलं नाही. घरी आल्यावर भाजीला बसले. आमची विळी घडीची आहे. मुलगी दप्तर घेऊन जवळच पसरली होती. मी नेहमीसारखी ओरडले, "विळी उघडतेय गं, हात लांब!" तीही वर न बघता सरकली आणि "हां" म्हणाली.

जाऊबाई दारात उभ्या होत्या. फाटका कफ दुमडून डाव्या हाताने जमेल तसा शिवत होत्या. सुई तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"बये," त्या म्हणाल्या, "हा आवाज कुठं ठेवून येतेस गं सकाळी?"

"ताई, ही तर विळी आहे."

"मग तो काय तलवार हाय? तिथं मीच बसणार की समोर. मला लेक समज नि ओरड."

मुलगी हसायला लागली. म्हणाली, "काकू, मग आई तुम्हाला अभ्यासाला पण बसवंल."

दुसऱ्या दिवशी बाग तीच, ओळ तीच आणि बघणारेही तेच. माझ्या तळहाताला घाम आला होता, म्हणून आधी तो पदराला पुसला. चाकू मिटलेला धरला. जाऊबाई समोर बसल्या. कफाला निळ्या दोऱ्याचे टाके होते. मी त्या टाक्यांकडेच बघितलं, दुसऱ्या कुणाकडे नाही.

"चाकू उघडतेय गं, हात लांब!"

आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या ओळीतल्या दोन बायकांनीही हात मागे घेतले. मग जाऊबाई म्हणाल्या, "हां," आणि त्यांच्या मागून सगळी ओळ हसत ओरडली, "हां!"

माझा चेहरा तापला होता. तरी मी थांबले, सगळे हात मागे आहेत का ते बघितलं, आणि मगच अंगठा हलवला. टक्. खुंट कापला, चीर दिली, काडी तासून बसवली. चाकू मिटला. जाऊबाई सावकाश पट्टी गुंडाळू लागल्या. मी वाट बघितली.

मुकादमांनी बोटाने काडी हलवून पाहिली. ती हलली नाही. "पुढचा खुंट घ्या," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

त्या ओळीतल्या काड्यांना पुढे हिरवे डोळे फुटले, ते आम्ही जाता येता पाहिले. सगळ्याच नाही फुटल्या, पण बऱ्याच फुटल्या. आता मी कापते आणि जाऊबाई बांधतात. आवाज माझा अजून तेवढाच निघतो, लहान करायला गेले की पुन्हा गळ्यात जातो. परवा त्या पट्टी ओढता ओढता म्हणाल्या, "जरा हळू ओरड गं. वस्तीवरची म्हातारी विचारत होती, बागेत कुणाचं भांडण चालतं रोज."

मी पुढच्या खुंटाशी सरकले. "ताई, हात लांब!"

"घेतला बाई, घेतला. हां."