बारामतीचा बी

कळंबच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा संगणक कक्षाचे प्रमुख विठ्ठलराव कोळपे, म्हणजे आपले तात्या, एका जुन्या संगणकाशी बोलत बसले होते. माझा तेव्हा काय समज झाला, ते न लिहिलेलंच बरं. आज त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त लिहिताना आनंद व्हायला हवा. पण हात जड झाला आहे.

तात्या मोरगावकडच्या मेंढपाळ घरातले. "आमच्या आबांना मेंढरू तोंडावरनं कळायचं, म्याडम. ह्यांची वळख हितं असती," म्हणत त्यांनी संगणकावर आज्ञा द्यायची काळी खिडकी उघडून तिच्यात एक आज्ञा लिहिली. पडद्यावर नेटवर्क कार्डाचा पत्ता उमटला, आकडे आणि इंग्रजी अक्षरांच्या जोड्यांचा. "कार्ड हाय तवर पत्ता त्योच." पत्ता सांगताना ते अक्षरांना गावं जोडत: बारामतीचा बी, दौंडचा डी, अकलूजचा ए. समोरच्याची ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून. आमची मुलं फोनवरही तशीच अक्षरं सांगू लागली.

गेल्या वर्षी नियम आला: पत्ता नोंदवलेल्या संगणकालाच इंटरनेट, बाकीचे भंगारात. तात्यांचा तो जुना संगणक तेवढा नोंदवायचा राहिला. त्याच्यावर चिकटवलेली पत्त्याची चिठ्ठी दर खंडेनवमीच्या हळदीकुंकवाखाली पुसट झालेली. कुंकू तिथेच लावायचं हा हट्ट तात्यांचाच. मग काळी खिडकी उघडली. ते वाचत गेले, मी शेजारच्या संगणकावर नोंदणीत टाईप करत गेले. संगणक काही जोडला जाईना. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. शेवटी मी वाकून पाहिलं. तात्या 'बारामतीचा बी' म्हणत होते, तिथे आठ होता.

"तात्या, हा आठ आहे."

ते पडद्याला नाक लागेल इतके वाकले. मग म्हणाले, "व्हय? लई दिस झालं, अक्षरं हलत्यात. सांगितलं असतं तर तुमी मला हितं बसू दिलं नसतं."

संगणक जोडला गेला. डोळ्यांना मात्र उशीर झाला होता. मधुमेहाने उजव्या डोळ्याची नजर नेली, ती परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्याची चूक होऊ नये म्हणून एवढी गावं जोडणाऱ्या माणसाने स्वतःचं दुखणं कुणाला कळू दिलं नाही. वाईट वाटतं, रागही येतो. कोण उठवणार होतं हो त्यांना?

आता मी वाचते आणि तात्या टाईप करतात. प्रत्येक अक्षराला विचारतात, "कुठला?"

तात्या, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, राहिलेली नजर शाबूत राहो. हा लेखही तुम्हाला मीच वाचून दाखवणार आहे. कुठे अडलात तर "कुठला?" म्हणून विचारा. गप्प मात्र बसू नका.