मामांनी अडवलेली मोटारसायकल

मराठवाड्यात त्या काळी जेवढी इंजिनं चालत होती, त्या सगळ्यांचं दुखणंखुपणं माझ्या सासऱ्यांना कळत असे. आणि मराठवाड्यात जेवढी माणसं बोलत होती, त्यांतल्या एकाचंही वाक्य त्यांना धड ऐकू येत नसे. नांदेडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी तीस वर्षं फिटरचं काम केलं. त्या खडखडाटात कान गेले. पण गेलेल्या कानांचं त्यांना दुःख असल्याचं मी कधी पाहिलं नाही. माणसं बहुतेक तेच ते बोलतात, असं त्यांचं ठाम मत होतं. कोणी काहीही विचारलं, तरी आपल्याला यंत्राबद्दलच विचारलं आहे असं धरून ते उत्तर देत. आमच्या लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनी विचारलं, "मुलीला स्वयंपाकाची आवड आहे ना?" मामा म्हणाले, "हाव, दर शनिवारी तेल घालतो." वडिलांना तेही पटलं असावं, कारण लग्न ठरलं.

मी त्यांना मामा म्हणे आणि ते मला जावईबापू. नांदेडहून लोह्यावरून मोटारीनं लातूरला आले की दारातच मी पाणी पुढं करून ओरडून विचारी, "प्रवास कसा झाला, मामा?" पायांवर पाणी घेत ते सांगत, "लोह्यापर्यंत ठीक. पुढं गिअरचा एक दात बोलून राहिला. डायवरला सांगितलं तर त्यानं मला उचलून मागच्या बाकावर बसवलं." ऐकू येत नसलं तरी ऐकायची त्यांची स्वतःची रीत होती. लाकडाचं एक टोक यंत्राला लावायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. मग ते लाकूड कसलं आहे याचा विधिनिषेध नसे. एकदा किनवटच्या स्टेशनात उभ्या असलेल्या आगगाडीच्या इंजिनाला त्यांनी छत्रीचं टोक लावलं आणि मूठ दातांत धरली. गार्ड शिट्टी फुंकत धावत आला. इंजिनाचा ड्रायव्हर मात्र खाली उतरला आणि अदबीनं विचारू लागला, "क्या हुआ, मियाँ? कुछ खराबी है?" मामांनी छत्री काढली. त्याच्या तोंडाकडे बघून प्रश्न ओळखला आणि म्हणाले, "नहीं. खुश है." ड्रायव्हरनं त्यांना हात जोडले म्हणतात. अर्थात हे मामांनीच सांगितलेलं.

निजामी राजवटीची ती अखेरची वर्षं. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी लातूरला देवी टोचायच्या खात्यात होतो आणि औसा तालुक्यातली खेडी माझ्याकडे होती. लढाईत वापरून झालेली एक हलकी मोटारसायकल मला मिळाली. दोन स्ट्रोकचं इंजिन, वजन इतकं कमी, की ओढ्यातून ती मला पलीकडं नेते की मी तिला, हा प्रश्न पडावा. शेतातली वाट असो की काळ्या मातीची ढेकळं, ती बेताल ओरडत कुठंही जायची. या इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. तेल जास्त झालं की धूर होई आणि माझा पांढरा सदरा काजळून जाई. म्हणून मी ते हात आखडून घालत असे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात गाडीतून एक घुमणारा, जाड आवाज येऊ लागला. जात्यावर कोणी भरड दळावं तसा. पाय ठेवायच्या दांड्यांतून तळव्यांना मुंग्या येत. मधूनच इंजिन ठोका चुके. लातूरच्या मिस्त्रीनं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, धुराच्या नळीतली काजळी खरवडली आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, लढाईतली गाडी हाय. तिचा आवाजच तसा." मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

अशात मामा आले. माझ्या बायकोला आठवा महिना होता आणि पहिल्या बाळंतपणासाठी ते तिला नांदेडला न्यायला आले होते. त्याच सकाळी निरोप आला की औशाच्या पलीकडच्या एका खेड्यात देवीचे दोन रोगी निघाले आहेत. लशीच्या काचेच्या नळ्या माझ्याकडे होत्या. उन्हाळ्यात त्या टिकत नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळून मी त्या पिशवीत ठेवल्या, अंगणात गाडी चालू केली आणि बघतो तर मामा स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आले. स्वच्छ धोतरानिशी ते मातीत पालथे पडले, लाटण्याचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले.

"अण्णा, ते पोळ्यांचं लाटणं आहे!" बायको दारातून ओरडली.

मामा उठले. त्यांनी गाडी बंद केली आणि पुढच्या चाकासमोर मांडी घालून बसले. "जावईबापू, हिच्यावर बसू नका. हिच्या पोटात दुखून राहिलं. बेरिंग गेली."

"मामा, तिकडं देवी निघाल्यात!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "लस खराब होईल!"

"मिस्त्री काही का म्हणेना," ते म्हणाले.

मला राग आला. मी गाडी मागं ओढायला गेलो, तेवढ्यात त्यांनी प्लग काढून टोपीत टाकला आणि टोपी डोक्यावर घातली. मोठ्या माणसाच्या डोक्यावरची टोपी काढणं जावयाला शक्य नव्हतं. हे त्यांना माहीत होतं.

मग ते मला हातवारे करून शिकवायला लागले. चेन उतरवली, प्लग पुन्हा बसवून इंजिन चालू केलं आणि म्हणाले, "आता मागच्या चाकाकडं काही जाऊन न्हाई राहिलं. तरी घुमतंय का?" घुमत होतं. इंजिन बंद करून त्यांनी बाजूचं झाकण काढलं. आतल्या जड चकतीला दोन्ही हातांनी धरलं, वर उचलली, खाली दाबली. मला काहीच दिसलं नाही. त्यांनी माझे हात धरून त्या चकतीवर ठेवले. वर. खाली. केसाएवढी, पण नक्की, ती हलली. खट.

"फिरायला पायजे," मामा म्हणाले, "हलायला न्हाई. हे हलून हलून एक दिवस अडकतंय. इंजिन अडकलं की चाक अडकतंय, मग तुम्ही कुठं अन् गाडी कुठं."

"अजून दोन दिवस काढेल की," मी म्हणालो. आज आठवलं की लाज वाटते.

ते त्यांना कसं ऐकू आलं कोण जाणे. खाली बघत त्यांनी सांगितलं, "जिनिंगात एकदा असंच सकाळी मला कळलं होतं. मोठ्या शाफ्टाची बेरिंग. हंगामाचे दिवस. मॅनेजर म्हणाला, संध्याकाळपर्यंत चालवा. मी न्हाई म्हणायला पायजे होतं, पण म्हणलो न्हाई. दुपारी शाफ्ट अडकला, पट्टा तुटला. माझ्या जोडीदाराचा हात गेला. जीव राहिला. हात गेला." त्यांनी लाटणं धोतराला पुसून मुलीकडे दिलं. ती तिथंच उभी होती. तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मी पिशवी उचलली आणि मोटार स्टँडवर गेलो. औशापर्यंत मोटार मिळाली, पुढं बैलगाडी. दर मैलाला फडकं भिजवत, हळूहळू जाणाऱ्या बैलांवर आणि त्याहून जास्त सासऱ्यांवर चिडत मी दिवस मावळायच्या आत गावात पोचलो. लस चांगली राहिली होती. चावडीसमोर आयांनी पोरं धरून आणली, काही झाडावरून उतरवून आणली, आणि त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी मिळून सगळं गाव टोचून झालं. नवा रोगी निघाला नाही. पाटलानं मला दूध पाजलं. परत येताना बैलगाडीत मी आडवा झालो तो औसा येईपर्यंत झोपलो.

तिसऱ्या दिवशी लातूरला मोटारीतून उतरतो तो स्टँडवर मामा उभे. सकाळपासून उभे होते, हे नंतर कळलं. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून मला जरा हलवून पाहिलं. "सगळं जागेवर हाय," असं स्वतःशीच म्हणाले आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत बेअरिंगचे तुकडे. छर्रे जागच्या जागी धरणारा पितळी पिंजरा दोन ठिकाणी मोडलेला. एका छर्ऱ्याची साल निघालेली. बाकीचे उष्णतेनं निळसर पडलेले.

"हा तुकडा आत अडकायलाच बसला होता. औशाच्या अलीकडं उतार हाय ना, तिथं गेले असते तुम्ही." मग निळा छर्रा माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी विचारलं, "तेल कमी घालून राहिले का, जावईबापू?"

"नाही, मामा," मी अगदी हळू म्हणालो.

"घालत जा," ते म्हणाले.

घरी परातीत, ताटांत, बायकोच्या जुन्या लुगड्यावर इंजिन पसरलेलं होतं. दोन दिवस तिनं पोळ्या थापून केल्या होत्या. नांदेडच्या जिनिंगमधल्या त्यांच्या जुन्या सोबत्याकडून आठवड्यानं त्याच मापाची बेअरिंग आली. मामांनी इंजिनाची खोळ उकळत्या पाण्यात ठेवून तापवली, आणि नवी बेअरिंग नुसत्या बोटानं आत सरकली. गाडी चालू झाली तेव्हा मला रडू येईल की काय असं वाटलं. ती घुमत नव्हती. मामा पालथे पडून ऐकत होते. हसू आवरेना तेव्हा त्यांनी लाटणं सोडून दिलं आणि तसेच मातीत उताणे झाले. बायको दाराच्या चौकटीला धरून हसत होती. म्हणाली, "अण्णा, उठा आता, मला उठवायला जमायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन नांदेडला निघाले. सामान टपावर चढवलं, तिला खिडकीशी नीट बसवलं. एवढ्या दिवसांत मी मामांना आभाराचा एक शब्दही बोललो नव्हतो, हे मोटार हलल्यावर माझ्या लक्षात आलं. मी बरोबर चालत ओरडलो, "मामा, तुमच्यामुळं वाचलो!"

त्यांनी खिडकीतून हात हलवला. "हाव, हाव, लोह्याला उतरून जेवू आम्ही!"

बायकोनं ऐकलं होतं. ती त्यांना सांगेल असं मला वाटलं. ते तुमचं तुम्हीच सांगायचं आहे, असं तिला वाटलं. पुढं मुलगी झाली, निजामी गेली, आमची बदली झाली. मामा वर्षातून दोनदा येत, मी पाणी पुढं करी, ते मोटारीची तब्येत सांगत. दर खेपेला मी ठरवी, की या वेळी त्यांच्या शेजारी बसायचं आणि कानाशी तोंड नेऊन ते वाक्य नीट सांगायचं. मग जेवणं होत, मुलगी त्यांच्या मांडीवर चढे, आणि मला वाटे, घाई कसली आहे, पुढच्या वेळी सांगू.