पहिल्या पंगतीला बसलेली कौसल्या

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर कौसल्या परबीण खाणावळ चालवायची. नवरा गिरणीत खोकून खोकून गेला, पदरात मूल नाही. चौदा गिरणीकामगारांना दोन वेळ जेवू घालायचं आणि मागाहून दाराआड बसून आपण चार घास खायचे, हा तिचा संसार. खाणावळवालीनं पुरुषांसमोर जेवायचं नाही, अशी त्या चाळीची रीतच होती. बाई सडसडीत, जिभेनं तिखट. कोणी एक बोललं तर त्याला दोन ऐकवल्याशिवाय तिला झोप यायची नाही.

छप्पन साली महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. रस्त्यावर अश्रुधूर सुटला, माणसं वाट फुटेल तिथं चाळींत घुसली आणि त्या धावपळीत कौसल्या जिन्यावरून पडली ती डोक्यावर. जखम भरून आली, पण वर्षभरात फेफरं सुरू झालं. पहिल्यांदा शुद्धीवर आली तेव्हा तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, गाववाला धोंडू, तिच्या नाकाला चप्पल लावून बसला होता. त्यानंच तिला इस्पितळात नेलं आणि कोणाला सांगणार नाही म्हणून गावदेव वेतोबाची शपथ घेतली. फेफऱ्याच्या बाईच्या हातचं जेवायला कोण बसणार होतं?

इस्पितळातून बाटलीभर पांढऱ्या गोळ्या मिळाल्या. फेफरं आवरलं, पण गोळ्यांनी दुसरीकडून घाव घातला. वर्षभरात चोळ्यांच्या शिवणी उसवल्या, बांगड्या फोडून काढाव्या लागल्या. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, वरच्या ओठावर लव आली. दुपारी भाकऱ्या थापता थापता मान पुढं कलंडायची. डॉक्टर म्हणाला, हे सगळं औषधाचं, पण गोळी सोडायची नाही. तिनं रागारागानं चार दिवस सोडून पाहिली. पाचव्या दिवशी चुलीपाशीच पडली आणि डावा हात भाजून घेतला. त्यानंतर निमूट घेऊ लागली. आरशाकडे मात्र तिनं पाठ फिरवली ती फिरवलीच.

समोरच्या खोलीत गंगुबाईची खाणावळ होती. एक दिवस सकाळी नळावर गंगुबाईनं आवाज चढवून सांगितलं, की गिऱ्हाइकांच्या वाटचं मासळीचं कालवण जातं कुठं, ते ज्यांना बघायचं असेल त्यांनी कौसल्येचे दंड बघावेत.

झालं! चाळभर पसरायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. कौसल्येला खाताना कोणी कधी बघितलेलंच नव्हतं, मग ती किती खाते हे कोण सांगणार? माणसं गुपचूप गळू लागली. चौदाची सहा राहिली आणि गेलेली आठही समोर गंगुबाईकडे पाटावर बसू लागली. खरं सांगावं तर फेफरं उघडं पडतं, गप्प बसावं तर चोर ठरते. कौसल्या आतल्या आत जळत राहिली. गंगुबाईच्या कालवणात मूठभर मीठ टाकायचा बेत तिनं कितीदा तरी केला. अन्न नासवायला मन धजेना म्हणून गंगुबाई वाचली.

दोन वर्षं अशी गेली. मग साठच्या एप्रिलमध्ये, इस्पितळातल्या बाकावर, कौसल्येला गंगुबाई दिसली. शेजारी तिची सतरा वर्षांची यमुना. पोरगी दोन-तीन वर्षांत अंगानं सुटली होती, बोलताना तोंडावर पदर धरायची. तिच्या हातात तशीच बाटली होती. कौसल्येला बघताच गंगुबाईनं तोंड फिरवलं.

म्हणजे हिला ठाऊक होतं! गोळ्यांनी माणूस फुगतं हे घरात रोज बघून ही बाई नळावर तसं बोलली होती. कौसल्येच्या अंगाचा तिळपापड झाला. पण घरी परतताना तिला हसूही येत होतं, कारण आता हत्यार हातात आलं होतं.

मे महिन्यात महाराष्ट्र झाला आणि चाळीनं चौकात सत्यनारायण घातला. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं दोघी खाणावळवाल्यांनी मिळून रांधलं. पुरुषांची पहिली पंगत बसली आणि धोंडूशेजारच्या रिकाम्या पत्रावळीवर कौसल्या जाऊन बसली. सगळे बघतच राहिले. गंगुबाई भात वाढत आली, तिनं मुद्दाम ढीग घातला आणि म्हणाली, “घे गो, तुका इतको तरी खंय पुरतलो?”

पंगत हसली. कौसल्येनं भात बाजूला सारला, कनवटीची बाटली काढून पत्रावळीशेजारी ठेवली आणि शांतपणे म्हणाली, “माका फेफरा येता. ह्यो गोळ्यो खातंय म्हणान मी फुगलंय. ज्याका माझ्या हातचा नको, त्येना उठान जावचा. पण गंगे, ह्या गोळ्यांनी माणूस फुगता की नाय, ता तू सांग.”

दोन जण खरंच उठून गेले. कौसल्येनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. गंगुबाई हो म्हणाली असती तर कसं ठाऊक हे सांगावं लागलं असतं, आणि नाही म्हणाली असती तर पोरीसमोर खोटं बोलणं आलं असतं. ज्या कात्रीत कौसल्या दोन वर्षं सापडली होती, तीच आता गंगुबाईच्या गळ्याशी आली. शेवटी ती पुटपुटली, “माका काय म्हायत?”

मागं पाण्याचा तांब्या घेऊन यमुना उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि तोंडावरचा पदर काढला. सुजलेल्या हिरड्या सगळ्यांना दिसल्या.

“आये, मी पण त्योच गोळ्यो घेतंय,” ती म्हणाली. “दोन वर्सां तू सगळ्यांका सांगतस, ती लोकांचा चोरून खाता म्हणान. मगे मी कोणाचा चोरून खातंय?”

पोरगी बोलेल, हे कौसल्येच्या हिशेबात नव्हतं. तिला त्या पोरीची कणव आली, आणि गंगुबाईची जरासुद्धा आली नाही. तिनं यमुनेला हात धरून शेजारी बसवलं, आपल्या पत्रावळीवरचा अर्धा भात तिच्यापुढं लोटला आणि उरलेला सगळ्यांदेखत सावकाश, चवीनं संपवला.

मग तिनं मान वर केली.

“गंगे,” ती म्हणाली, “आमका दोघींका आणखी भात वाढ.”

गंगुबाईनं वाढला.