पिवळ्या रंगाचा धडा

परवा हिंगोलीच्या मोंढ्यावरून, त्या घाऊक बाजारावरून, येताना हळदीचा वास अंगावर आला. वाळल्या हळदीचा तो कोरडा, घशात उतरणारा वास. रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंनी पदर नाकाला लावला. मी उलट दोन श्वास जास्तच घेतले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी हा वास आला की मी पुसेगावच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात जाऊन पोचते. एका खोलीची अंगणवाडी, सतरंजीवर पंचवीस लेकरं आणि मी त्यांची बाई.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. साधनं म्हणजे लाकडी मणी, चिंचोके आणि कोपरे फाटलेला एक चित्रांचा तक्ता. आढ्याला वजनाचा काटा टांगलेला. त्याच्या झोळीत बसायची लेकरांना इतकी हौस, की वजन झालं तरी "बाई, अजून एकडाव मोजा की!" म्हणून मागे लागत. गाण्याच्या वेळी सगळी ओरडत, गोष्टीच्या वेळी निम्मी पेंगत, आणि खिचडीचं पातेलं आलं की पेंगणारीही टक्क जागी. त्या गलक्याचा मला फार लळा होता. खोटं कशाला सांगू, अजूनही आहे.

त्यात एकच लेकरू गप्प. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणारी चार वर्षांची मुलगी. पावसाळ्यात आली, संक्रांत होऊन गेली, तरी तोंडातून शब्द नाही. दाराजवळ गुडघ्यांना मिठी मारून बसायची. डोळे मात्र सगळीकडे. मी गोंजारलं, गूळ दिला, एकदा रागावलेसुद्धा. शेवटी एक दिवस तिची आई धाकटीला काखेत घेऊन दारात उभी राहिली.

"घरी आमच्या बोलीत लई बोलते, बाई. इथं काहून बोलत न्हाई? तुमचं काई तिच्या डोक्यात जाऊनच नाही राहिलं. उद्यापासून घरीच ठेवते. धाकलीला तरी सांभाळंल."

"शनिवारपर्यंत राहू द्या," मी अक्षरशः हात जोडले. "शनिवारी दुपारी या, मग तुम्ही म्हणाल तसं." चार वर्षांच्या पोरीनं दुसरं पोर सांभाळायचं, या विचारानं त्या दिवशी मला घास गेला नाही.

शनिवारी रंगांचा धडा होता. मदतनीस बाईंनी सकाळीच भिंतीला चुना दिलेला, ती अजून ओली होती. मी म्हटलं, गाव हळदीचं, मग पिवळा रंग खडूनं कशाला शिकवायचा? वाटीत हळद कालवली, लेकरांचे तळवे माखले आणि भिंतीवर ठसे उमटवायला लावले. हळदीला चुना लागला की काय होतं, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. विसरली ती शिकलेली बाई! भिंतीकडे पाठ करून मी विचारतेय, "रंग कोणता?" माझ्यामागे पंजे लालभडक होत चाललेत, आणि लेकरं बाईंचा मान राखून एका सुरात ओरडतायत, "पिवळाऽऽ!"

दाराजवळून खणखणीत आवाज आला. "पिवळा न्हाई! लाल हाय! बाई खोटं शिकवून राहिल्या!"

मी वळून भिंत पाहिली, मग तिला पाहिलं. ती उठून पुढे आली. "चुना लागला नं बाई, मंग लाल व्हतेच की," असं मला समजावलं, आणि एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांना हात धुवायला पाठवू लागली. "रांगेत जा! ढकलू नका! कोपरापर्यंत धुवा!" शब्द माझे, सूर माझा, कमरेवरचा हातही माझाच. मला हसू आवरेना आणि डोळेही. जिला काही येत नाही असं मी सहा महिने समजत होते, तिला मी सगळी पाठ होते.

तिची आई ठरल्याप्रमाणे न्यायला आली होती. उंबऱ्याशी उभी राहून तिनं हे सगळं ऐकलं. तोंडाला पदर लावून हसत म्हणाली, "आता हिला गप कोन करनार, बाई?"

सोमवारी ती मुलगी आली, धाकटीला काखेत घेऊनच. मायलेकींची तशी तडजोड झाली होती. धाकटीला हजेरीपटात जागा नव्हती, सतरंजीवर भरपूर होती.

ती खोली आता नाही; पक्की इमारत झाली, भिंतींवर रंगवलेली फळं आणि पक्षी आहेत. ती मुलगी कुठं असेल, ठाऊक नाही. पुढं माझ्याकडे कितीतरी गप्प लेकरं आली. त्यांना मी कधी 'बोल, बोल' केलं नाही. मी समोर जाऊन बसायचे आणि मुद्दाम काहीतरी चुकायचे.